संशोधनाची बातमी आणि मांडवातली माणसं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठाच्या आवारात दोन कामं वर्षभर चालू असतात. एक काम संशोधनाच्या बातम्यांचं. अमुक विभागाला पेटंट मिळालं, तमुक प्राध्यापकांचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला, एवढ्या कोटींचा प्रकल्प मंजूर झाला. जनसंपर्क कक्ष हे वर्तमानपत्रांना कळवतो आणि ते आतल्या पानावर छापून येतं. दुसरं काम मांडवातलं. विज्ञान दिन, युवक महोत्सव, रक्तदान शिबिर, ग्रंथप्रदर्शन, शेतकरी मेळावा. दोन्ही कामांचे विभाग वेगळे, हिशेब वेगळे, माणसंही वेगळी. ज्या लोकांच्या करातून संशोधन चालतं त्यांना विद्यापीठाचं बोलावणं येतं ते बहुधा मांडवासाठी; संशोधन त्यांनी पेपरात वाचायचं. ही दोन कामं जिथे एकत्र आली तिथे काय घडलं आणि जिथे आली नाहीत तिथे काय राहून गेलं, ते इथे पाहायचं आहे.

ही फारकत जुनी आहे. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे महाविद्यालयांना संलग्नता द्यायची, परीक्षा घ्यायच्या, पदव्या वाटायच्या. स्वतःचे विभाग काढून संशोधन करणं पुष्कळ नंतर आलं. त्यातही १९१९ मध्ये समाजशास्त्राचा विभाग निघाला तेव्हा त्याचे पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शहर समजून घ्यायचं तर ते पायी हिंडून पाहिलं पाहिजे, आणि जे पाहिलं ते नागरिकांपुढे मांडलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. नगररचनेचं प्रदर्शन घेऊन ते त्याआधीच भारतभर फिरले होते. संशोधन आणि सार्वजनिक प्रदर्शन या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी येऊन गेला. रुजला मात्र नाही.

स्वातंत्र्यानंतर बहि:शाल शिक्षणाची कल्पना आली. पुणे विद्यापीठ १९४९ चं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मु. रा. जयकर. त्यांच्याच नावाने चाललेल्या डॉ. जयकर व्याख्यानमालेतून गावोगाव वक्ते पाठवले गेले. मुंबई विद्यापीठाचा बहि:शाल विभागही अनेक वर्षं काम करत आला. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने या कामाला आजीवन अध्ययन आणि विस्तार मंडळ अशी कायदेशीर जागाही दिली. या परंपरेबद्दल मला आदर आहे. ज्या गावात ग्रंथालय नव्हतं तिथे विद्यापीठाचा माणूस जाऊन तासभर बोलत होता, ही लहान गोष्ट नाही. पण विषयांच्या याद्या पाहिल्या की थोर पुरुषांची चरित्रं, व्यक्तिमत्त्व विकास, व्यसनमुक्ती हेच फिरून फिरून दिसतं. त्याच विद्यापीठाच्या भूगोल विभागाने त्याच तालुक्यातल्या भूजलाचा अभ्यास केला असेल, तर तो तिथे जाऊन सांगावा, असं क्वचितच कुणाला सुचलं.

विद्यापीठ आपलं आहे असं लोकांना वाटतच नाही, अशी तक्रार वारंवार ऐकू येते. मराठवाड्याकडे पाहिलं की ती टिकत नाही. दर १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी माणसांची रीघ लागते. १९७८ मध्ये विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव केला, त्यानंतर दंगली झाल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तेव्हापासून खेड्यापाड्यांतून आयाबाया, म्हातारी माणसं, कडेवर लेकरं घेतलेली जोडपी येतात, त्या कमानीपुढे हात जोडतात आणि रस्त्याकडेच्या दुकानांतून पुस्तकं विकत घेतात. त्यांतल्या कित्येकांनी महाविद्यालयाचं तोंड पाहिलेलं नसतं. विद्यापीठाशी समाजाचं इतकं घट्ट नातं देशात फार थोड्या ठिकाणी आहे. याच विद्यापीठात दुष्काळावर, ऊसतोडीच्या स्थलांतरावर, भूमिहीनांच्या जगण्यावर प्रबंध लिहिले गेले. ते 'शोधगंगा' या प्रबंधांच्या संकेतस्थळावर ठेवलेले आहेत. ज्यांच्या आयुष्याबद्दल ते आहेत ती माणसं दरवर्षी दारापर्यंत येतात आणि प्रबंध आत राहतात. त्या दिवशी दहा अभ्यासांची दहा पानी मराठी पुस्तिका दहा रुपयांना त्या दुकानांत ठेवली तर ती संपेल, याबद्दल मला शंका नाही.

विज्ञानाच्या बाजूला चित्र जास्त आशादायक आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी प्रकाशाच्या विकिरणाबाबतचा आपला शोध २८ फेब्रुवारी १९२८ ला जाहीर केला. १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक महाविद्यालयांत तो भित्तिपत्रकं आणि पाहुण्यांच्या भाषणावर निभावतो. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुकाने त्याला वेगळं वळण लावलं. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये ही संस्था उभी केली ती विद्यापीठांमधल्या खगोल-अभ्यासकांसाठी. पण दारं उघडून शाळकरी मुलांना आत घ्यायचं, दुसऱ्या शनिवारी त्यांच्यासाठी व्याख्यानं ठेवायची, हे त्यांनी संस्थेच्या कामाचाच भाग मानलं. स्वाक्षरी मागायला येणाऱ्या मुलांना ते सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीसकट येईल, असं सांगत. या साध्या रिवाजात या सगळ्या विषयाचं मर्म आहे. मूल पाहून, टाळ्या वाजवून घरी जात नाही. त्याला विचार करून एक प्रश्न तयार करावा लागतो, आणि शास्त्रज्ञ त्या प्रश्नाचं उत्तर देणं लागतो.

पुढे त्याच आवारात पु. ल. देशपांडे यांच्या स्मरणार्थ 'पुलस्त्य' ही इमारत झाली आणि तिथे मुक्तांगण विज्ञान शोधिका सुरू झाली. अरविंद गुप्तांनी तिथे कित्येक वर्षं मुलांबरोबर काम केलं. त्यांचं साहित्य म्हणजे काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काडी खुपसली की सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडत नाही, चार काड्यांचा चौकोन मात्र लगेच कलतो. पुलाच्या आणि विजेच्या मनोऱ्याच्या सांगाड्यात त्रिकोण का असतात, हे मुलाच्या बोटांना कळतं. पुण्यापासून लांबच्या जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकालाही हे उद्या वर्गात करता येतं, हे मोठ्या यंत्रांच्या प्रदर्शनाला जमत नाही.

अशी जमीन तयार असली की संशोधनाची बातमीही वेगळी पोहोचते. जुलै २०१७ मध्ये आयुका आणि आयसर पुणे इथल्या संशोधकांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं अंतरावरचा, मीन राशीच्या दिशेला असलेला दीर्घिकांचा एक प्रचंड महासमूह शोधल्याचं जाहीर केलं आणि त्याला 'सरस्वती' नाव दिलं. मराठी वर्तमानपत्रांनी ती बातमी ठळकपणे छापली. नावाचा वाटा त्यात होताच. पण तीस वर्षं शाळांमधून आयुकाबद्दल ऐकलेला वाचकवर्ग तयार होता, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेने २००९ पासून 'चाय अँड व्हाय' हा उपक्रम चालवून असाच वाचक-श्रोता घडवला. रविवारी सकाळी पृथ्वी थिएटरसारख्या ठिकाणी, चहा घेत, संशोधकाला कुणीही काहीही विचारावं. उपक्रम उत्तम आहे. मुंबईबाहेरच्या मराठी माणसापर्यंत तो फारसा पोहोचला नाही, इतकंच.

आता खोडद या गावाकडे वळू, कारण तिथे गोष्ट गुंतागुंतीची होते. जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ, द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांमध्ये ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. चौदा अँटेना मध्यभागी सुमारे एक चौरस किलोमीटरमध्ये, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय आकाराच्या तीन भुजांवर पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. म्हणजे दुर्बीण एका कुंपणात मावतच नाही; ती गावागावांत आहे. ताटली भरीव पत्र्याची नाही, बारीक पोलादी तारांची ताणलेली जाळी आहे. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्च आवाक्यात राहिला. त्या जाळीवर आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की जवळ चालू असलेला एक मोबाइलही त्यांना सहज बुडवतो.

विज्ञान दिनाला ही दुर्बीण लोकांना खुली असते आणि सोबत शाळा-महाविद्यालयांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. मला या मांडवाचं अप्रूप आहे ते एका कारणासाठी: इथे मुलं फक्त पाहायला येत नाहीत, स्वतःचं काहीतरी मांडायला येतात. ठिबकची नळी, कांदाचाळीतली हवा, बिबट्याची चाहूल देणारी घंटा, अशा घरच्या प्रश्नांना मांडण्याजोगी जागा ती हीच. आणि त्या मुलांशी बोलायला खरे संशोधक शेजारी असतात. जून २०२३ मध्ये जगभरच्या गटांनी अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या अस्तित्वाचे पुरावे जाहीर केले, त्यांत जीएमआरटीने वर्षानुवर्षं केलेल्या स्पंदकांच्या (पल्सारच्या) निरीक्षणांचा वाटा होता. ही बातमी खोडदच्या मुलाला आपल्या शेताच्या बांधावरची वाटू शकते.

पण नात्याची परीक्षा मांडवात होत नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणी याच भागातून जात होती. रेल्वेच्या विद्युत यंत्रणेमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, हा आक्षेप आला आणि मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाला घ्यावी लागली. जुन्नर, आंबेगाव, संगमनेरकडे नाराजी पसरली. लोकांचं म्हणणं चुकीचं नाही. रेल्वेची वाट ते पिढ्यान्पिढ्या पाहत आहेत. दुर्बिणीची अडचणही खोटी नाही. गोंगाट वाढला तर ती निरुपयोगी होईल. अशा वेळी वर्षातून दोन दिवसांचं प्रदर्शन पुरत नाही. किती अंतरावर किती गोंगाट होतो, विजेच्या वाहिनीवर आवरण घालून तो किती कमी करता येतो, मार्ग किती सरकवावा लागेल, हे आकडे मराठीत, ग्रामसभांत, शांतपणे मांडायला हवेत, आणि लोकांच्या शंका लेखी घ्यायला हव्यात. विस्ताराचं काम म्हणतात ते हे. दुर्बिणीच्या बाजूने गावात बोलणारी माणसं उभी राहायची असतील, तर त्यांना आधी सगळी माहिती हवी.

कृषी विद्यापीठांना हा धडा जन्मापासून मिळाला. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ चं, अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख १९६९ चं, परभणी आणि दापोली १९७२ ची. अकोल्याच्या विद्यापीठासाठी विदर्भात आंदोलन झालं, त्यात बळी गेले. लोकांनी मागून घेतलेली ही विद्यापीठं. त्यामुळे संशोधन लोकांना दाखवणं ही त्यांच्यावर सुरुवातीपासूनची जबाबदारी.

परभणीचं उदाहरण जवळून पाहण्यासारखं आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मे ला, स्थापनादिनी; रब्बीचा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तारखा लोकांना पाठ आहेत. व्यासपीठावर भाषणं चालू असतात तेव्हा खरी गर्दी बियाण्याच्या विक्रीपाशी असते. सप्टेंबरात परभणी मोतीसारखी ज्वारी, परभणी कुसुमसारखी करडई, हरभरा. मे मध्ये तूर आणि सोयाबीन. एका पिशवीसाठी शेतकरी मुक्कामाला येऊन रांग लावतात. पंधरा वर्षांचं निवड-संकराचं काम त्या पिशवीत असतं आणि त्याचा निकाल पुढच्या सुगीला लागतो. वाण फसला तर तोच शेतकरी पुढच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर सांगतो. कुठल्याही नियतकालिकाच्या परीक्षकाइतका हा परीक्षक कडक आहे.

अकोल्याच्या शिवारफेरीत हे आणखी उघड होतं. शेतकरी उभ्या पिकातून फिरतात, वाणाच्या पाटीपाशी थांबतात आणि शास्त्रज्ञाला विचारतात: खोडमाशीला टिकतो का, पाऊस लांबला तर काय, शेंगा फुटतात का? हरभरा काढायला मजूर मिळत नाहीत, झाड जमिनीलगत पसरतं म्हणून यंत्र चालत नाही, ही तक्रार अशीच शिवाराशिवारांतून ऐकू येत राहिली. आज राहुरीचा फुले विक्रम आणि अकोल्याचा पीडीकेव्ही कनक हे यंत्राने काढता येण्याजोगे, उभट वाढीचे वाण शेतात आहेत. प्रश्न बांधावर उठला आणि उत्तर प्रक्षेत्रावरून आलं. चारही कृषी विद्यापीठांची संयुक्त संशोधन आणि विकास समिती दरवर्षी भरते, तिथे नवे वाण, अवजारं आणि शिफारशी संमत होतात. या बैठकीची बातमी राज्यातले शेतकरी वाचतात, कारण त्यातली एखादी ओळ त्यांचा हंगाम बदलते.

उलटा अनुभवही आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून १९८१ मध्ये 'रत्ना' दिला. हापूसमधला साका, म्हणजे वरून सुरेख दिसणाऱ्या फळाच्या आत गराचा खराब भाग, त्यात नाही. शास्त्रज्ञांनी प्रश्न सोडवला. तरी बागा हापूसच्याच राहिल्या, कारण बाजार नावाला पैसे देतो. व्यापारी आणि गिऱ्हाईक त्या संशोधनाच्या मांडवात कधी नव्हते.

कृषी विद्यापीठांबाहेर ही वाट धरणाऱ्यांत आयआयटी मुंबईचं १९८५ मध्ये सुरू झालेलं सितारा केंद्र आहे. तिथले विद्यार्थी नळपाणी योजना का बंद पडल्या हे पाहायला कर्जतच्या वाड्या-वस्त्यांवर गेले. टाकीची उंची, पाइपाचा व्यास, विजेचं बिल अशा गोष्टी मोजल्या. पुढे याच संस्थेने तयार केलेली पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात सुमारे पाच हजार गावांसाठी वापरली गेली. पाऊस किती, मातीत किती मुरला, ओढ्याने किती वाहून नेला, पिकांना किती लागणार, हे गावाचं गणित. ते गावात मांडलं की ऊस लावायचा की नाही, याची चर्चा आकड्यांवर येते. भांडणं संपतात असं नाही, पण ती मुद्द्याची होतात.

मग बाकीची विद्यापीठं का मागे? पैसा कमी, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, हे खरंच. पण एक कारण व्यवस्थेतलं आहे. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या निकषांत संशोधन आणि विस्तार एकाच शीर्षकाखाली आहेत; प्रत्यक्षात शोधनिबंध वेगळे मोजले जातात आणि कार्यक्रम वेगळे. कार्यक्रमाचा पुरावा म्हणजे हजेरीपत्रक, अहवाल आणि जिओटॅग केलेला फोटो. त्या कार्यक्रमातून एखाद्या संशोधनाची दिशा बदलली का, याला रकाना नाही. २००६ पासून चालणारं 'आविष्कार' संशोधन संमेलन घ्या. हजारो विद्यार्थी महिनोन्महिने राबून भित्तिपत्रकं करतात, महाविद्यालयापासून राज्यापर्यंत फेऱ्या होतात. मुलं हुशार आहेत, विषय जवळचे आहेत. पाहणारे मात्र परीक्षक आणि स्पर्धक. ज्या गावाच्या पाण्याचा नमुना तपासला त्या गावाला निकाल कळतोच असं नाही.

राष्ट्रीय सेवा योजनेचं याहून वाईट वाटतं, कारण तिच्याकडे माणसं आहेत. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेली ही योजना आज जवळपास प्रत्येक महाविद्यालयात आहे. सात दिवसांच्या शिबिरात मुलं गावात राहतात, झाडू मारतात, बंधारा बांधतात, घरोघर पाहणीचे तक्ते भरतात. ते तक्ते महाविद्यालयाच्या कपाटात जातात. अर्थशास्त्र, भूगोल किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागाने तेच तक्ते आधी नीट आखून दिले आणि पुढच्या वर्षी निष्कर्ष घेऊन त्याच गावात शिबिर भरवलं, तर नवा पैसा लागत नाही. लागतो तो दोन विभागप्रमुखांमधला एक फोन.

आता समोर मोठी संधी आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अणूपेक्षाही कितीतरी सूक्ष्म हालचाल टिपणारे आरसे. जवळचा रस्ता, खाणीतला सुरुंग, जड वाहनं या सगळ्यांचा तिला त्रास होणार. खोडदला जो ताण रेल्वेवरून आला, तो इथे येऊ शकतो. हिंगोली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ शेजारी आहे. वेधशाळा सुरू व्हायच्या आधीच या दोघांनी आयुकासोबत औंढ्याच्या पंचक्रोशीतल्या शाळांत, ग्रामसभांत आणि आठवडी बाजारात नियमित बसायला हवं: यंत्र काय करणार हे सांगायला, आणि जमीन, पाणी, रोजगार, रस्ते यांवरचे लोकांचे प्रश्न ऐकून त्यांची लेखी उत्तरं द्यायला.

वाचकांनाही एक विनंती. येत्या २८ फेब्रुवारीला तुमच्या जवळच्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात जा. प्रदर्शन पाहून झालं की तिथल्या प्राध्यापकांना विचारा: गेल्या वर्षभरात आमच्या तालुक्याबद्दल तुम्ही काय शोधलंत, आणि ते मराठीत कुठे वाचायला मिळेल? उत्तर मिळालं तर चार जणांना सांगा. मिळालं नाही तर तोच प्रश्न कुलगुरूंना पत्राने पाठवा, आणि पुढच्या वर्षी पुन्हा जा.